तळहाताचा डाग, वजा चाळीस युरो

आधी वजन करायचं. गिटार स्वयंपाकघरातल्या काट्यावर मावत नाही, म्हणून मी आधी स्वतः वजनाच्या मशीनवर उभा राहायचो, मग गिटार छातीशी धरून पुन्हा उभा राहायचो आणि वजाबाकी करायचो. त्यानंतर लांबी, मग स्क्रू, मग मागची पट्टी उघडून आतल्या जोडण्या. तिथला कथिलाचा डाग मूळचा आहे की नंतर कोणी दुरुस्तीत लावलेला, हे भिंगातून बघायचं. शेवटी तक्ता भरायचा: वर मूळ किंमत, म्हणजे निर्दोष नगाला बाजारात मिळेल ती, खाली एकेक वजावट, तळाला आकडा. आकडा शाईनेच लिहायचा आणि लिहिला की बदलायचा नाही. २०१४ ते २०१९ या काळात मी हे सत्तेचाळीस वेळा केलं. त्यातल्या एका तक्त्याविषयी लिहायचं आहे. बाकीचे शेहेचाळीस बरोबर आहेत असं मी आजही म्हणेन.

लॅप स्टील म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरतात आणि ती तारांवरून सरकवतात. आपल्याकडे हिला हवाइयन गिटार म्हणत, आणि सिनेमातली गाणी नुसत्या वाद्यावर ऐकायची असली की पुष्कळदा हीच ऐकायला मिळे. माझे बाबा नागपूरला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीच्या गणपतीत ते दरवर्षी ती वाजवत. मी अकरावीत असताना त्यांच्या गिटारीची मान वाकली, ती माळ्यावर गेली आणि नंतर रद्दीबरोबर गेली. घरात त्याचं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

पुढे नोकरीनिमित्त मी आयर्लंडमध्ये आलो. एनिसला घर, शॅननला ऑफिस, बायको डॉक्टर, एक मुलगी. २०१४ साली एनिसमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलामागे एक लॅप स्टील उभी दिसली. साठ युरो. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, तोवर कसला म्हणून छंद केला नव्हता. ती घेतली. मग कळलं की या देशात पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावोगावच्या नाचाच्या हॉलांमधून बँड फिरत असत. त्यांच्यातल्या काहींकडे ही वाद्यं होती, आणि आता ती म्हाताऱ्या माणसांच्या पलंगाखाली पडून आहेत. तीन वर्षांत माझ्याकडे अकरा झाल्या. त्या जिन्याशेजारच्या छोट्या खोलीत राहायच्या.

मला वाजवता येत नाही. मला मोजता येतं. हळूहळू लोक विचारू लागले, आमच्याकडे एक आहे, किती येतील? मी जायचो, बघायचो, तक्ता करून द्यायचो. फी घेत नसे, फक्त पेट्रोल. आणि एक नियम होता: ज्या गिटारीची किंमत मी ठरवली, ती मी विकत घ्यायची नाही. नाहीतर माझ्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार?

या सगळ्याचा थकवा किती होता हे बायकोला माझ्या आधी कळलं होतं. शनिवार गाडीत जायचा. बहुतेक वेळा दोनशे किलोमीटर जाऊन एखाद्या बाईंना सांगावं लागायचं की तुमच्या नवऱ्याची गिटार दीडशेची आहे. त्यांचा चेहरा बघत चहा प्यायचा आणि परत यायचं. "तू लोकांना वाईट बातम्या द्यायला स्वतःच्या गाडीने जातोस," बायको म्हणायची. "आम्हाला निदान पगार मिळतो त्याचा."

२०१७च्या सप्टेंबरात लेटरकेनीच्या बाहेरून एका गृहस्थांचा फोन आला. तिकडे जायला एनिसहून चार तास लागतात. ते सत्याहत्तर वर्षांचे, एकटे राहणारे, आणि बँडमध्ये एकतीस वर्षं लॅप स्टील वाजवलेले. मी गेलो तेव्हा त्यांनी मला जिन्यावर नेलं आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट उघडलं. इथे त्याला हॉट प्रेस म्हणतात, टॉवेल आणि चादरी कोरड्या राहाव्यात म्हणून असतं. टॉवेलांच्या खाली ती होती.

तसली मी फक्त फोटोत पाहिली होती. १९३०च्या दशकातली, सगळी ओतीव ॲल्युमिनियमची. खाली गोल तवा आणि त्याला लांब दांडा, अशीच दिसते. एकाही जागी पॉलिश झालेलं नव्हतं. पाऊसकाळी आभाळाचा असतो तसा काळपट करडा रंग तिच्यावर जमला होता.

"अमेरिकेहून परत आलेल्या एका माणसाकडून घेतली," ते म्हणाले. "त्याला वाटलं तो मला फसवतोय."

"विकायची का आहे?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं सांध्यांपाशी सुजून वाकडी झाली होती. "हे आता गात नाहीत. आणि बॉयलर पण गेलाय. हिवाळ्याच्या आत नवा बसवायचा तर एकतीसशे सांगतोय बॉयलरवाला. तेवढे येतील?"

"तपासल्याशिवाय मी आकडा सांगत नाही."

"ते मी ऐकलंय. तो भारतीय माणूस काही सांगत नाही म्हणे, आणि सांगितलं की बदलत नाही." ते हसले. "घेऊन जा घरी. सावकाश बघ. पळून तर जाणार नाहीस, तुझ्या गाडीचा नंबर लिहून घेतलाय मी."

इंग्लंडमधला एक संग्राहक माझ्या तक्त्यावर भरवसा ठेवून ती घ्यायला तयार होता. त्याची एकच अट होती: गिटारीला कोणी हात लावलेला नसावा. या व्यवहारात जुनेपणालाच किंमत असते. घासलं, रंगवलं, चकचकीत केलं की निम्मी किंमत गेली. ही गोष्ट मला इतकी सवयीची झाली होती की दुसऱ्या कोणाला ती सांगावी लागेल हे डोक्यातच येत नसे.

त्याच आठवड्यात बाबा नागपूरहून आले होते, दोन महिन्यांसाठी. वय चौऱ्याहत्तर. नवरात्र चालू होतं. बुधवारी जेवताना त्यांनी विचारलं, "खंडेनवमीला पूजेत काय मांडून राहिलो आपण? हत्यारं-अवजारं काही आहेत का नाही तुझ्या घरी?"

"लॅपटॉप आहे," मी म्हणालो. "गाडी आहे."

"हे तर सगळ्यांकडे असते."

"मग गिटारी मांडा ना, बाबा. सगळ्या मांडा."

हे मीच बोललो होतो. पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कोणाची चूक मला सापडलेली नाही.

गुरुवारी जेवणाआधी मी लेटरकेनीच्या गिटारीचा तक्ता पूर्ण केला. मूळ किंमत छत्तीसशे. पेटीची मूठ नवी, वजा एकशे दहा. एक बटण बदललेलं, वजा पन्नास. ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा तळहात टेकतो, तिथे पानाच्या आकाराचा गडद डाग होता. घामाने पडलेला. तो मी भिंगातून पाहिला आणि लिहिलं: तळहाताचा डाग, वजा चाळीस. तळाला शाईने चौतीसशे. त्यांचा बॉयलर होणार होता आणि वर तीनशे उरणार होते. शनिवारी फोन करून सांगू असं ठरवलं. ऑफिसचे दिवस होते, आणि चांगली बातमी द्यायची सवय नसल्यामुळे ती थोडी राखून ठेवावीशी वाटली असेल.

शुक्रवारी खंडेनवमी होती. मी संध्याकाळी सहाला घरी आलो. बैठकीच्या खोलीत चादरीवर बारा गिटारी ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीसमोर झेंडूऐवजी बागेतली पिवळी फुलं. अकरांना ओल्या फडक्याने पुसून हळदकुंकवाचं बोट लावलं होतं. मधोमध पाटावर बारावी. ती चमकत होती. दिवाळीच्या आधी आई भांडी घासून पालथी घालायची, त्यातल्या पातेल्यासारखी.

"पाहून घे," बाबा म्हणाले. "लय मळली होती बापा. अडीच तास लागले मला. तारा काढल्या, लिंबू-मीठ लावलं, तारेच्या घासणीनं घासली. आत पाणी नको जायला म्हणून विजेच्या भागाले प्लास्टिक बांधलं होतं. तारा परत त्याच नंबरनं लावल्या, एक बी उलटीसुलटी नाही."

मी खाली बसलो आणि नीट पाहिलं. त्यांनी काम चांगलं केलं होतं. एका कोपऱ्यातही काळं राहिलं नव्हतं. ॲल्युमिनियमवर घासणीचे बारीक गोल गोल ओरखडे होते, सगळे एका दिशेने.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती दुपारी ड्यूटीवरून आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, आत्ता नको अशी.

"छान झालीय," मी म्हणालो.

"नमस्कार कर मग."

मी नमस्कार केला.

पुढचे आठ दिवस मी रोज थोडा थोडा थकत गेलो. तक्ता दुसऱ्यांदा केला, पेन्सिलने. आकडा एकोणीसशे आला. इंग्लंडच्या माणसाला जे झालं ते कळवलं. त्याने दोन ओळींत, सभ्यपणे, नकार दिला. म्हाताऱ्यांना फोन करून सांगितलं की मी स्वतः येतो. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही असं नव्हे, पण फोनवर सांगणं सोपं झालं असतं आणि तसं ते होऊ द्यायचं नव्हतं. पहिला आकडा त्यांना माहीत नव्हता. एकोणीसशे सांगून मोकळं होता आलं असतं, जगात कोणालाही कळलं नसतं. हे मी एकदा मनात मांडून पाहिलं, म्हणून इथे लिहितो.

बाबांना काही सांगितलं नाही. ते खुश होते. रोज फोनवर नागपूरला कोणाला तरी सांगत होते की इथे पण पूजा झाली, बारा गिटारींची.

पुढच्या शनिवारी मी निघालो तर ते बूट घालून तयार. "मी येतो. एकतीस वर्षं वाजवलेला माणूस आहे तो. एक वेळा भेटू तर दे."

"चार तास जायला, चार यायला, बाबा. तुमची पाठ दुखेल."

"घरी बसून नाही दुखत का?"

बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, त्यांना आत्ता सांग. गाडीत बसायच्या आधी."

मी नाही सांगितलं. गाडीतही नाही. स्लायगोला चहा प्यायला थांबलो, तिथेही नाही. बाबा पूर्ण वाटेत मेंढ्या मोजत होते आणि त्यांच्या अंगावर निळा-लाल रंग काहून लावतात ते विचारत होते.

म्हाताऱ्यांनी दार उघडलं. घरात ते कोट घालूनच होते. बाबांशी हात मिळवला, आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, किटली लावली. मी पेटी टेबलावर ठेवली पण उघडली नाही. आधी बोललो. जेवढं मला आखून सांगता येतं तेवढं सांगितलं: आमच्याकडे वर्षातून एक दिवस कामाच्या साधनांची पूजा करतात, पूजेआधी ती स्वच्छ करतात, तुमची गिटार घासली गेली. माझ्या घरात, माझ्या सांगण्यावरून झालेल्या पूजेत. आधी तिची किंमत चौतीसशे होती, आता एकोणीसशे आहे. मी चौतीसशेला घेतो.

बाबांना इंग्रजी चांगलं समजतं. हेडक्लार्क होते ते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा कप बशीवर टेकला तो आवाज मला आला.

"तू स्वतः किंमत केलेली विकत घेत नाहीस ना?" म्हातारे म्हणाले.

"नाही घेत."

"मग?"

"ही घेतो."

त्यांनी पेटी उघडली.  मग गिटार उचलून मांडीवर घेतली, बसल्या बसल्या, लहान मूल घ्यावं इतक्या सवयीने. उजवा हात ब्रिजच्या मागे गेला आणि तिथे थांबला. त्यांनी हात उचलला, खाली पाहिलं, हात परत ठेवला. मग अंगठ्याने ती जागा चोळली.

"इथे काळं होतं," ते म्हणाले.

"हो."

"माझा हात होता तो."

मी म्हणालो, "माहीत आहे." तक्ता टेबलावरच होता, पहिला, शाईचा. तो माझ्या पद्धतीप्रमाणे मालकाला द्यायचा असतो, म्हणून आणला होता. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवरून ओळीवर बोट नेत वाचू लागले. ते कुठे येऊन थांबणार हे मला दिसत होतं, आणि कागद काढून घेण्याइतका वेळही होता.

"पाम स्टेन," त्यांनी मोठ्याने वाचलं. "मायनस फॉर्टी."



"मायनस," ते पुन्हा म्हणाले. मग हसले, पण ते हसणं पहिल्या भेटीतलं नव्हतं. "एकतीस वर्षं लागली मला तो पाडायला. वर्षाला सव्वा युरो पडला. तो पण उणे."

बाबा उठून उभे राहिले. खुर्ची मागे सरकली. इंग्रजीत म्हणाले, "सर, मी घासली. याने नाही. मला वाटलं मळ आहे."

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बसा हो. माझ्या आईच्या हाती लागली असती तर तिनेही घासली असती. म्हणून तर मी ती टॉवेलांच्या खाली ठेवायचो." मग, "तुम्ही वाजवता?"

"वाजवत होतो."

"मग तुम्हाला कळतं."

"हो," बाबा म्हणाले. "आता कळलं."

मला वाटलं होतं की ते गिटार बाबांपुढे करतील. केली नाही. त्यांनी ती पेटीत ठेवली, झाकण लावलं, दोन्ही कड्या बंद केल्या आणि पेटी माझ्या बाजूला सरकवली. चेक घेतला, घडी करून साखरेच्या भांड्याखाली ठेवला. "ग्रँड," म्हणाले. इथे या शब्दाचा अर्थ ठीक आहे असाही होतो आणि आता विषय संपवू असाही होतो. निघताना त्यांनी तक्ता ठेवून घेऊ का असं विचारलं. मी म्हणालो, तो तुमचाच आहे.

परतीच्या वाटेवर स्लायगो येईपर्यंत बाबांनी मेंढ्या पण मोजल्या नाहीत.

"आठ दिवस," मग म्हणाले. "आठ दिवस मी साऱ्या नागपूरले सांगत होतो. तू ऐकून राहिला होता."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"आता नाही वाटलं का?"

मी गाडी चालवत राहिलो.

"मळ नव्हता तो," ते म्हणाले. "मला समजाले पाहिजे होतं. माझ्या गिटारीवर बी होता तसा. तू लहान होता, तुला नाही आठवणार." आणि मग, "तू तरी चाळीस रुपये कमी काहून केले त्याचे?"

"युरो," मी म्हणालो. 

नोव्हेंबरात बाबा परत गेले. माझ्या चार गिटारी विकून मी चेकची रक्कम भरून काढली. डिसेंबरात लेटरकेनीहून एक कार्ड आलं: बॉयलर चालू आहे, हॉट प्रेस आता खरंच हॉट आहे. खाली सही. गिटारीबद्दल काही नव्हतं. मी उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा बसून उठलो. शेवटी नाताळच्या शुभेच्छांचं छापील कार्ड पाठवलं.

त्यानंतरही दोन वर्षं मी तक्ते केले, सवयीने. पण डागांच्या रकान्याशी आलो की पेन थांबायचं. बाजार तो डाग वजाच करतो, माझा आकडा चूक नव्हता. तरी मी मालकाला विचारू लागलो, हा कशाचा? लोक सांगू लागले. एकेका डागाला अर्धा अर्धा तास. परतायला रात्र व्हायची, बायको जेवायला थांबायची. २०१९च्या उन्हाळ्यात मी फोन घेणं बंद केलं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला बाबांना व्हिडिओ कॉल केला. सात गिटारी मांडल्या होत्या आणि ती आठवी, पेटीत. झाकण उघडून त्यांना दाखवली. चकाकी गेली होती, कडांना पुन्हा राखाडी रंग चढू लागला होता.

"काळी पडून राहिली," ते म्हणाले. आवाजात बरं वाटल्यासारखं होतं.

"पडते आपोआप. हवेने."

"अन् तो डाग?"

"तो हवेने नाही पडत, बाबा. त्याला वाजवावी लागते."

"मग?"

"मला कुठे येते वाजवायला?"

 "हळदकुंकू पेटीले लाव," ते म्हणाले. "वरून. झाकण लावून घे आधी."

मी झाकण लावलं, दोन्ही कड्या बंद केल्या आणि पेटीला बोट लावलं.